पाणी कोणी द्यायचं?

‘एवढं सव्यापसव्य कशाला?’ हा प्रश्न मी आजवर किती वेळा विचारला असेल, मोजदाद नाही. गॅसजोडणीच्या नावबदलाला सात कागद मागितले की, लग्नपत्रिकेत कोणाचं नाव आधी यावरून घरात वाद पेटला की. शब्द तोंडात इतका बसलेला, की तो कुठून आला हे वडिलांच्या बाराव्यापर्यंत माझ्या ध्यानात आलं नव्हतं. गोदावरीच्या काठी पाटावर बसलेला माझा चुलतभाऊ गुरुजींच्या सांगण्याबरहुकूम जानवं डाव्या खांद्यावरून उजव्या खांद्यावर घेत होता, पुन्हा डाव्यावर आणत होता. देवांसाठी सव्य, पितरांसाठी अपसव्य. तास-दीड तास हेच चाललेलं. मी मागे उभी होते, आणि दुःखात माणसाला काय सुचेल याचा नेम नसतो, मला शब्दकोश सुचत होता.

श्राद्धविधीतून मराठीने उचललेले शब्द एकदा शेजारी शेजारी मांडून पाहावेत. एखादी सवय सुटली की आपण तिला तिलांजली देतो. उसने दिलेले पैसे परत येत नाहीत म्हटल्यावर त्यांच्यावर पाणी सोडतो (हा वाक्प्रचार दानाच्या संकल्पातून आला असेल, पण हातावरून पाणी सोडण्याची कृती तीच). जिवंत माणसाच्या नावाने आंघोळ करतो. नवरा-बायको वेगळे झाले की त्यांचा घटस्फोट होतो. या शब्दाकडे मी पुढे येणारच आहे. नातं तुटू नये म्हणून केलेला विधी, आणि त्यातून भाषेने घेतलेले शब्द जवळजवळ सगळे तोडण्याचे. एक ‘पिंड’ तेवढा वाचला. तिचा पिंडच कवयित्रीचा, असं आपण अजून कौतुकाने म्हणतो.

भाषेचं यात काही चुकलंय असं मला वाटत नाही. बाराव्या दिवशीच्या सपिंडीकरणात प्रेताच्या नावचा पिंड कापून त्याचे तीन भाग करतात आणि ते बाप, आजा, पणजा यांच्या पिंडांत मिसळतात. गेलेला माणूस त्या क्षणी ‘प्रेत’ राहत नाही, ‘पितर’ होतो. पण पिंडाचे मानकरी तीनच. नवा आत आला की सर्वांत वरचा बाहेर पडतो. त्याच्या वाट्याला पुढे पिंड नाही, पिंड देणाऱ्याच्या हाताला चिकटलेली शितं दर्भाला पुसतात तेवढीच. शास्त्राने त्यालाही नाव दिलं आहे: लेपभाज. म्हणजे जोडणं आणि तोडणं एकाच हाताने, एकाच क्षणी होतं. तो हात कोणाचा, याला मग फार महत्त्व येतं. धर्मशास्त्र त्याला अधिकार म्हणतं.

आपल्या भाषांमधलं श्राद्धाविषयीचं चांगलं लेखन या अधिकाराविषयीचं आहे, श्रद्धा-अश्रद्धेविषयीचं नाही, असं मी म्हणते. आपल्या समीक्षेने मात्र ते बहुतेक वेळा ‘कर्मकांडावरचा प्रहार’ या खात्यावर जमा केलं. लेखक विधीच्या बाजूचा की विरुद्ध, एवढाच प्रश्न विचारला आणि उत्तर मिळताच पुस्तक मिटलं.

त्या दिवशीचं एक सांगते आणि पुस्तकांकडे वळते. आम्ही दोघी बहिणी, भाऊ नाही, म्हणून चुलतभावाला बसवलं होतं. माणूस चांगला, रात्रभर प्रवास करून आलेला. गुरुजींनी माझ्या आजोबांचं नाव विचारलं, ते त्याने सांगितलं. पणजोबांचंही सांगितलं. खापरपणजोबांशी तो अडला. मी मागून नाव सांगितलं. गुरुजींनी वर न बघता ते उचललं, मंत्रात बसवलं आणि विधी पुढे गेला. पुढचा अर्धा तास मी हेच काम केलं. गोत्र, नावं, कोण आधी गेलं, कोण नंतर. अनुवादकाला या कामाची सवय असते, त्यामुळे तेव्हा मला त्यात वावगं वाटलं नाही. राग आला तो घरी आल्यावर, भांडी घासताना.

शास्त्र काय म्हणतं तेही नंतर पाहिलं. महामहोपाध्याय काण्यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा १९५३ साली निघालेला चौथा खंड या विषयाला बराच वाहिलेला आहे. निबंधकारांच्या अधिकाऱ्यांच्या यादीत पत्नी येते, मुलगी येते, मुलीचा मुलगाही येतो. रांगेत मागे, पण येतात. बंदी म्हणून आपण जे सांगतो ते पुष्कळदा केवळ रांगेतलं मागचं स्थान असतं.

१९६५ साली कन्नडमध्ये याच रांगेविषयीच्या दोन कादंबऱ्या आल्या: यू. आर. अनंतमूर्तींची ‘संस्कार’ आणि एस. एल. भैरप्पांची ‘वंशवृक्ष’. ‘संस्कार’ हे नावच मराठीत येताना घात करतं. कन्नडमध्येही त्याचे अर्थ अनेक. रामानुजनांनी १९७६च्या इंग्रजी अनुवादाच्या आरंभी किटेलच्या कन्नड कोशातली अर्थांची यादीच छापली आणि वर ‘मेलेल्या माणसासाठीचा विधी’ अशा अर्थाचं उपशीर्षक जोडलं. मराठीत आज हा शब्द ऐकला की डोळ्यांसमोर काय येतं? शुभंकरोती म्हणणारी मुलं, उन्हाळी सुट्टीतलं शिबिर, लग्नाच्या जाहिरातीतली संस्कारी मुलगी. अंत्यसंस्कार म्हटल्याशिवाय प्रेत दिसतच नाही. आणि या कादंबरीत पहिल्या पानांपासून प्रेत आहे. दूर्वासपुराच्या अग्रहारात नारणप्पा मरण पावला आहे. तो दारू प्याला, मांस खाल्लं, मुसलमानांबरोबर उठला-बसला, ब्राह्मण बायकोला टाकून चंद्रीबरोबर राहिला. पण त्याला कधी बहिष्कृत केलेलं नाही, त्यामुळे तो ब्राह्मणच मेला. आता त्याला अग्नी कोणी द्यायचा? प्रेत उचललं जाईपर्यंत कोणी जेवायचं नाही, हा नियम. अनंतमूर्तींनी कादंबरीचं सगळं यंत्र या नियमावर चालवलं आहे. तत्त्वचर्चा करणाऱ्या ब्राह्मणांच्या पोटात कावळे कोकलत असतात. चंद्री अंगावरचे दागिने खर्चासाठी पुढे ठेवते, आणि घटकेपूर्वी अधिकार नको म्हणणाऱ्यांना अचानक अधिकार हवासा वाटतो. हा प्रसंग लेखकाने चढ्या आवाजात लिहिला असता तर प्रहसन झालं असतं. त्याने तो भुकेच्या आवाजात लिहिला आहे.

पुढची कथा बहुतेकांना माहीत असते: प्राणेशाचार्य ग्रंथ पालथे घालतात, मारुतीचा कौल मागतात, कौल मिळत नाही, आणि परतीच्या वाटेवर अंधारात चंद्री भेटते. ‘संस्कार’वर लिहिलेलं जे जे मी वाचलं ते जवळजवळ सगळं या भेटीने आचार्यांचं काय झालं याविषयी आहे. त्याच रात्री चंद्रीने काय केलं, त्याला क्वचितच कोणी परिच्छेदभर जागा दिली असेल. चंद्री नारणप्पाच्या घरी जाते. आपण ज्याच्याबरोबर राहिलो तो हा नव्हे, हे तिला त्या सडू लागलेल्या देहाकडे पाहून कळतं. ओळखीच्या गाडीवानाकडे मदत मागते, तो ब्राह्मणाच्या प्रेताला शिवायला धजत नाही. मग मासळीचा व्यापार करणारा अहमद बारी गाडी आणतो, आणि दोघं मिळून रातोरात दहन उरकतात. मंत्र नाही, दर्भ नाही, गोत्र नाही. अग्रहार मात्र पुढे कितीतरी वेळ, प्रेत घरात आहे असं समजून, ते कोणी उचलायचं याची चर्चा करत राहतो.

माझ्या मते कादंबरीचा मध्य इथे आहे. ज्यांच्यात अधिकाराचा वाद चालला आहे त्यांच्या नकळत, अधिकार नसलेल्या दोघांनी काम करून टाकलं आहे. यानंतरची प्राणेशाचार्यांची सगळी तडफड आधीच सुटलेल्या प्रश्नावरची आहे. आणि इथेच माझी अनंतमूर्तींविषयी तक्रार आहे. दहन झाल्यावर चंद्री कादंबरीतून निघून जाते, आणि लेखक तिला जाऊ देतो. त्याला आचार्यांमागे जायचं आहे, जत्रेत, कोंबड्यांच्या झुंजीत, सुतकात असताना देवळातल्या पंगतीत. तो प्रवास मोठा आहे, नाकारत नाही. पण जिने पाणी दिलं तिला नंतर काय वाटलं, हे विचारायचं कादंबरीलाही सुचू नये? अग्रहाराने चंद्रीकडे पाहिलं नाही. कादंबरीने पाहिलं, पण पुरेसा वेळ नाही.

हीच तक्रार घेऊन मी त्यांच्या ‘घटश्राद्ध’कडे गेले, तेव्हा माझा सूर बदलावा लागला. गिरीश कासरवळ्ळींनी १९७७ साली या कथेवर आपला पहिला चित्रपट केला आणि त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. यमुना तरुण विधवा, वेदपाठशाळा चालवणाऱ्या ब्राह्मणाची मुलगी. ती गरोदर राहते, आणि बाप जिवंत मुलीचं श्राद्ध घालून तिला समाजाबाहेर करतो. विधी मनुस्मृतीइतका जुना: पतिताच्या नावाने पाण्याने भरलेला घडा दासीने पायाने लवंडायचा, नातलगांनी मेल्यासारखं सुतक पाळायचं. धर्मशास्त्रात याच विधीला आणखी एक नाव आहे: घटस्फोट.

मराठीतला घटस्फोट हा. कुटुंब न्यायालयाच्या फलकावर, वर्तमानपत्राच्या बातमीत, वधूवर सूचक मंडळाच्या अर्जात, रोज वापरला जाणारा. हिंदीने तलाक आणि विवाह-विच्छेद घेतले. मराठीने मात्र जिवंत माणसाला मेलेला ठरवण्याच्या विधीचं नाव दोन माणसांच्या कायदेशीर फारकतीला दिलं. माझ्या एका घटस्फोटित मैत्रिणीला मी हे सांगितलं, तेव्हा ती हसली आणि म्हणाली, ‘मग माझ्या माहेरचे शब्दाला अगदी जागले.’

चित्रपट आपण पाहतो तो पाठशाळेतल्या एका लहान मुलाच्या डोळ्यांनी. त्याला यमुनाअक्का आवडते. काय चाललंय हे त्याला नीट कळत नाही, आणि विधी करायचा किंवा अडवायचा कसलाच अधिकार त्याच्याकडे नाही. चंद्रीच्या बाबतीत राहून गेलेलं पाहणं इथे या मुलावर सोपवलं आहे. शेवटी कोण चूक हे सांगायला कोणी उरत नाही, पण तिच्याकडे कोणीतरी पाहत होतं हे उरतं.

भैरप्पांची ‘वंशवृक्ष’ उमा कुलकर्णींच्या अनुवादातून मराठी घरांत पोहोचली आणि स्थिरावली. तिच्याविषयी थोडक्यातच सांगते, कारण तिच्यातला पुष्कळसा युक्तिवाद मला आज जड वाटतो. पण श्रीनिवास श्रोत्रींना उतारवयात कळतं, की ज्यांना आपण आयुष्यभर पिता म्हणून पिंड देत आलो ते आपले जन्मदाते नव्हतेच, तो क्षण कोणत्याही सुधारकी कादंबरीला साधला नसता. अधिकाराचा सर्वांत भक्कम खांब आतून पोकळ निघतो, तोही परंपरेची बाजू मनापासून मांडणाऱ्या लेखकाच्या हातून. वर्षानुवर्षं दिलेलं ते पाणी मग कोणाला पोहोचलं? भैरप्पा उत्तर देत नाहीत, आणि मला ते प्रामाणिक वाटतं.

मराठीत या रांगेत मी ‘वाडा चिरेबंदी’ ठेवते. महेश एलकुंचवारांचं हे नाटक विजया मेहतांनी १९८५ साली ‘कलावैभव’तर्फे रंगभूमीवर आणलं. त्यावर लिहिताना सगळे सरंजामी घराच्या पडझडीविषयी लिहितात, आणि ते खरंच आहे. पण नाटकाचा काळ कोणता? तात्याजी गेल्यापासून दिवसवार होईपर्यंतचा. विधी रंगमंचावर दिसत नाही, दिसतो तो त्याचा हिशेब. तेराव्याला गाव जेवू घालायचं तर पैसा कोणाचा? मुंबईच्या सुधीरचा की वाड्यात राहिलेल्या भास्करचा? अंगणातला बंद ट्रॅक्टर, पेटीतलं सोनं, ते रात्री अंगावर चढवून पाहणारी वहिनी, हे सगळं या हिशेबाभोवती फिरतं. आणि आत दादी आहे, मेलेल्या मुलालाच हाका मारणारी. सुतकाच्या त्या घरात तात्याजींशी अजून बोलणारं माणूस ती एकटी, आणि कोणत्याही निर्णयात तिला विचारायचा प्रश्नच येत नाही. एलकुंचवारांनी यावर एक शब्दही भाष्य केलेलं नाही. चांगली म्हातारी नटी दादी करत असेल तर त्याची गरजही लागत नाही.

हे सगळं आधुनिक लेखकांना सुचलं असं मात्र नाही. गयेला फल्गू नदीचं पात्र बहुतेक काळ कोरडं असतं, वाळू उकरली की पाणी लागतं. त्यामागे तिथे एक कथा सांगतात. राम-लक्ष्मण श्राद्धाचं सामान आणायला गेलेले. वेळ टळू लागते आणि दशरथ हात पुढे करून मागतात. सीतेजवळ काही नाही. ती वाळूचेच पिंड देते आणि ते तृप्त होतात. राम परततात, त्यांना खरं वाटत नाही. साक्षीदार असलेली फल्गू, गाय, केतकी, ब्राह्मण, सगळे उलटतात. एकटा वड खरं बोलतो. सीता फल्गूला शाप देते: तू वाळूखालून वाहशील. फल्गूच्या काठी लाखो पुरुष आजवर पिंड देत आले, आणि ही कथा त्यांना तिथेच सांगितली जात आली, याची मला मोठी मौज वाटते. मेलेल्याची तक्रार नव्हती. तक्रार जिवंतांची होती, आणि त्यांना साक्षीदार हवे होते.

एकनाथांच्या श्राद्धाची कथा याच जातीची. महिपतींच्या चरित्रलेखनातून ती घरोघरी गेली. पैठणला नाथांच्या घरी श्राद्धाचा स्वयंपाक शिजतो, वासाने अस्पृश्य कुटुंबाची भूक चाळवते, नाथ ते अन्न त्यांना वाढतात. निमंत्रित ब्राह्मण रुसतात, आणि पानांवर स्वतः पितर येऊन बसतात. आपण ही कथा नाथांच्या करुणेची म्हणून सांगतो. मला ती पितरांच्या कंटाळ्याचीही वाटते.

प्रत्यक्ष आयुष्य साहित्याच्या पुढे गेल्याचं एक उदाहरण पुण्यातलं आहे. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव फुले गेले. त्यांचा मुलगा यशवंत दत्तक, आणि अंत्ययात्रेत टिटवं कोणी धरायचं यावरून भाऊबंदांनी वाद काढला. टिटवं धरणाऱ्याकडे वारसा जातो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. चरित्रकार सांगतात, की सावित्रीबाईंनी टिटवं स्वतः हातात घेतलं, पुढे चालू लागल्या आणि अग्नी दिला. पुरोहिताविना विधी करता येतात हे सत्यशोधक समाजाने १८७३पासून सांगितलं होतंच. पण त्या सकाळी प्रश्न पुरोहिताचा नव्हता, भाऊबंदांचा होता. ही अंत्ययात्रा मला चंद्रीच्या रात्रीशेजारी ठेवावीशी वाटते. एक अंधारात, चोरून. दुसरी उजेडात, सगळ्यांसमोर, पंचाहत्तर वर्षं आधी.

एक गोष्ट मान्य केली पाहिजे. मी निवडलेल्या कथा-कादंबऱ्या आणि नाटक, सगळं ब्राह्मण घरांतलं आहे, आणि तिथे अधिकाराचा पेच मंत्रामुळे, जानव्यामुळे घट्ट होतो. जिथे म्हाळ घालतात, कौलावर घास ठेवून कावळ्याला हाका मारतात, तिथलं फार थोडं आपल्या छापील साहित्यात आलं. खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, पितरांसाठी पाण्याची घागर भरून पुजतात, विस्तवावर आगारी टाकतात. तोच दिवस लेकींनी माहेरी येण्याचा, झोक्यांचा. बहिणाबाईंची ‘आखजी’ ही कविता त्या झोक्यांची आहे. गेलेल्या बापजाद्यांचं पाणी आणि माहेरी आलेली लेक एकाच दिवशी एकाच ओट्यावर. या दोन गोष्टींना तिथे एकमेकींची अडचण होत नाही. ‘संस्कार’ कितीही वेळा वाचली तरी अशी शक्यता तिच्या कोणत्याच पानावर डोकावत नाही, आणि ते अग्रहाराचं चित्र म्हणून बरोबरच आहे.

वडिलांचं वर्ष झाल्यानंतरच्या भाद्रपदात महालयासाठी नावांची यादी करायला मी आणि आई बसलो. पुरुषांची नावं आता मला पाठ होती. पित्याच्या बाजूच्या तीन बायका लिहायच्या, तेव्हा आजीशी आई थांबली. आजीचं नाव आम्हा सगळ्यांना माहीत असलेलं, ते लग्नात ठेवलेलं. माहेरचं वेगळं होतं. आजीने ते एकदा सांगितलेलं मला पक्कं आठवत होतं, कधी ते आठवतं, पावसाळ्यात, वाल सोलताना, पण नाव आठवेना. आई म्हणाली, विधीला सासरचंच लागतं, तेच लिही. मी लिहिलं. पणजीचं सासरचं नाव एका जुन्या खरेदीखतावर सापडलं, अंगठ्याच्या शेजारी. तिचं माहेरचं नाव सांगू शकेल असं आता कोणी नाही. आजीचं सांगू शकेल अशी तिची धाकटी बहीण धुळ्याला आहे, नव्वदीच्या पुढची. तिला ऐकू कमी येतं, फोनवर जमत नाही. आखाजीला जाईन म्हणते.